ठोका चुकवणारं इंजिन

दिंडोरीहून वणीला जाताना गाडी हिसके देऊ लागली, इंजिनचा दिवा लुकलुकू लागला. हे मिसफायर. एका सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच धुराड्यात जातं आणि तिथला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होऊ शकतो. मग कार्बन मोनॉक्साईडही अडत नाही. म्हणून लुकलुकता दिवा दिसला की गाडी दामटू नये.

मेकॅनिकच्या स्कॅनरवर कोड आला पी ०३०२, म्हणजे दुसरा सिलिंडर. प्लग ठीक होता. नवी कॉइल मागवण्याआधी त्याने दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल केली. (ओपीडीत आम्हाला ही सोय नाही!) कोड झाला पी ०३०३. दोष कॉइलबरोबर सरकला होता. सरकला नसता, तर इंजेक्टर, कॉम्प्रेशन तपासावं लागलं असतं. एकच कॉइल बदलली.