पिकाची तहान ओळखणारे लवचिक विद्युत्‌वाहक पदार्थ

पिकास पाणी केव्हा द्यावे, हे शेतकरी बहुधा पानांकडे पाहून ठरवितो. पिकाने माना टाकल्या की पाण्याची पाळी द्यावयाची, असा सर्वसाधारण प्रघात आहे. परंतु पान कोमेजणे ही तहानेची पहिली खूण नव्हे. मुळांना ओल कमी पडू लागताच झाड आपली पर्णरंध्रे मिटू लागते. त्यामुळे हवेतील कार्बन डायऑक्साइड पानात कमी शिरतो आणि अन्न तयार होण्याचे काम मंदावते. पान कोमेजलेले डोळ्यांस दिसते, तोवर पिकाची वाढ खुंटू लागलेली असते. जेथे विहिरीचे पाणी मोजकेच आहे, तेथे हा उशीर विशेष नडतो.

ही पहिली खूण टिपावयाची तर उपकरण झाडावरच बसवावे लागते. पान वाऱ्याने हलते, वळते व दिवसागणिक वाढते. धातूची जाड पट्टी किंवा सिलिकॉनची ठिसूळ चकती त्यास मानवत नाही. यास्तव, वाकणाऱ्या व तरीही वीज वाहून नेणाऱ्या पदार्थांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वळले आहे. ग्राफीन व विद्युत्‌वाहक बहुवारिके हे त्यांपैकी दोन प्रमुख पदार्थ होत.

ग्राफीन

शिसपेन्सिलीत जो काळा पदार्थ असतो, तो ग्राफाइट. कार्बन अणूंचे पापुद्रे एकावर एक रचून तो बनलेला असतो. त्यातील एक अणू जाडीचा सुटा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. एक मिलिमीटर जाडीच्या ग्राफाइटमध्ये असे सुमारे ३० लक्ष पापुद्रे मावतात. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीच्या साहाय्याने तो वेगळा केला व २००४ साली ते काम प्रसिद्ध केले. त्याबद्दल २०१० साली त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठाने २०१७ साली चिकटपट्टीवरच ग्राफीनच्या बारीक रेघा उमटवून पानास चिकटविता येईल असा संवेदक तयार केला. त्यात वापरलेले ग्राफीन ऑक्साइड पाण्याच्या वाफेने आपली विद्युत्‌वाहकता बदलते. पानातून बाष्प किती बाहेर पडते, हे त्यावरून कळते. मक्याच्या झाडात पाणी मुळांपासून खालच्या पानांपर्यंत व तेथून वरच्या पानांपर्यंत पोहोचण्यास किती वेळ लागतो, हेही या पट्ट्यांनी मोजण्यात आले. पाण्याचा काटकसरीने उपयोग करणारे वाण निवडताना अशी मोजमापे उपयोगी पडतील.

विद्युत्‌वाहक बहुवारिके

प्लास्टिक विजेस अडविते, म्हणूनच तारेवर त्याचे वेष्टण घालतात. मात्र १९७७ साली शिराकावा, मॅकडिआर्मिड व हीगर यांनी पॉलिॲसिटिलीन या बहुवारिकावर आयोडिनच्या वाफेचा प्रयोग केला, तेव्हा त्याची विद्युत्‌वाहकता लक्षावधी पटींनी वाढली. या तिघांना २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

पेडॉट हे याच वर्गातील एक बहुवारिक होय. इटलीतील पार्मा येथील संशोधकांनी त्याचा लेप दिलेला सुती धागा टोमॅटोच्या खोडात ओवला. झाडातील रसात विरघळलेले क्षार विद्युत्‌भारित कणांच्या रूपाने असतात. ते लेपात शिरले की धाग्यातील प्रवाह बदलतो. पाणी तोडल्यावर रसाची चाल व त्यातील क्षारांचे प्रमाण बदलते. हा फरक पाणी बंद केल्यापासून सुमारे ३० तासांच्या आत नोंदला गेल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळून आले.

मर्यादा

पानावरील पट्टीवर हवेतील दमटपणाचाही परिणाम होतो. त्यामुळे तिच्या नोंदी हवामानाशी ताडून पाहाव्या लागतात. ऊन, पाऊस व धूळ यांत असा संवेदक टिकला पाहिजे, आणि त्याची किंमतही पिकाच्या उत्पन्नास परवडली पाहिजे. शिवाय एका झाडाची नोंद म्हणजे साऱ्या शेताची नोंद नव्हे. जमिनीचा पोत जागोजागी बदलतो.

तोपर्यंत शेतकऱ्यांनी केवळ पानांवर विसंबू नये. मुळांच्या थरातील, वीतभर खोलीवरील माती काढून मुठीत दाबून पाहावी. गोळा न होता ती विस्कटली, तर ओल कमी झाली असे समजावे. मक्यास तुरा येण्याच्या व दाणे भरण्याच्या काळात तर पीक कोमेजण्याची वाट मुळीच पाहू नये.