बाई गायब, तबला हजर!

मुलांनो, तबला वाजतोय, पेटी वाजतेय, पण गाणारी बाईच नाही, असं गाणं तुम्ही कधी ऐकलंय? आमच्या शिंदखेड्याच्या शाळेत पहिलीच्या वर्गाने ऐकलं. आणि चूक माझी होती, बरं का!

त्याचं असं झालं. आमच्याकडची बरीच मुलं घरी अहिराणी बोलतात. अहिराणीत फळाला ‘फय’ म्हणतात, डोळ्याला ‘डोया’. बोली गोडच आहे ती. पण पुस्तकातला ‘ळ’ वाचायचा तर आधी तो कानावर पडायला हवा. म्हणून ‘ळ’चे भरपूर शब्द असलेलं एक बालगीत मी मोबाईलमध्ये घेतलं. शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरचे दोन स्पीकर टेबलावर मांडले, तार मोबाईलला जोडली आणि ऐटीत बटण दाबलं. पेटी आली, तबला आला, बाई काही येईनात! “मॅडम, बाई गायब व्हई गयी!” पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. म्हटलं, बरं, दुसरं लावू. वर्गातल्या एका मुलीच्या आजीची जात्यावरची ओवी मी मोबाईलवर रेकॉर्ड केली होती. ती लावली, तर काहीच नाही. चिडीचूप!

मी आवाज वाढवला. मोबाईल बंद करून पुन्हा चालू केला. नवे स्पीकर घ्यायला किती पैसे पडतील याचा हिशेबसुद्धा मनात सुरू झाला. तेवढ्यात हजेरीचा कागद घेऊन चौथीतला एक मुलगा आला. त्याने मोबाईलचं जाड रबरी कव्हर काढलं आणि पिन आत दाबली. टक्! बाई हजर!

आता हे कसं झालं ते सांगते. तुमच्या घरातल्या हेडफोनची पिन नीट बघा. तिच्यावर दोन किंवा तीन काळ्या रेघा दिसतील. त्या रेघांनी पिनेचे भाग पाडलेले असतात. टोकाचा भाग डाव्या कानाचा, त्यामागचा उजव्या कानाचा, आणि एक भाग दोघांच्या विजेला परतीची वाट देणारा. माइक असेल तर त्याचा चौथा भाग. माझ्या कव्हरमुळे पिन पूर्ण आत गेलीच नव्हती, म्हणून परतीची वाट तुटली. मग डावा आणि उजवा एकमेकांसमोर उभे राहिले, रस्सीखेच खेळताना राहतात तसे. दोघांनी सारख्याच जोराने ओढलं तर दोर हलतो का? नाही ना! गाणाऱ्या बाईंचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच भरलेला असतो. तो हललाच नाही. तबला-पेटी मात्र दोन्हीकडे कमीजास्त होती, तेवढा फरक ऐकू आला. आणि आजीची ओवी? ती एकाच माइकने घेतलेली, म्हणजे दोन्हीकडे अगदी तंतोतंत सारखी. ती पूर्णच नाहीशी झाली!

तेव्हा गाणाऱ्याचा आवाज दुरून, विहिरीतून आल्यासारखा वाटला तर आधी पिन बघा. आपल्या खान्देशात धुळीला तोटा नाही. मोबाईल खिशात राहून त्या भोकात धूळ आणि कापडाचे तंतू दाबून बसतात. मोबाईल बंद करून कोरड्या मऊ ब्रशने ते हलकेच काढायचे. टाचणी घालायची नाही हं!

तार नीट बसली, तरी पुढचा प्रश्न उरतोच: मुळात मोबाईलमध्ये आवाज किती आहे? आवाज तिथे आकड्यांच्या रूपात असतो. सीडीवरच्या गाण्यात दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतलेलं असतं, तेही दोन्ही बाजूंचं वेगवेगळं. एका सेकंदाला सुमारे १४ लाख बिट होतात. एवढं ओझं नको म्हणून एमपी३सारख्या पद्धतींत कानाला सहसा जाणवत नाही ते काढून टाकतात. आई सुपात धान्य पाखडते ना, तसंच. फोलपट उडालं तर बरंच, पण फार जोरात पाखडलं तर दाणेही उडतात. १२८ चा एमपी३ म्हणजे सीडीच्या जवळपास अकरावा हिस्सा. गाणं ऐकायच्या ॲपमध्ये ‘ऑडिओ क्वालिटी’ असा पर्याय असतो. डेटा वाचवायला तो खाली ठेवलेला असला, तर हजारोंचा हेडफोन आणूनही उडालेले दाणे परत येत नाहीत.

आकड्यांची पुन्हा वीज करायचं काम एक छोटी चिप करते. काही मोबाईलला आता गोल पिनेचं भोकच नसतं. ॲपलने २०१६ च्या आयफोन ७ पासून ते काढलं, पुढे इतर अनेकांनीही काढलं. अशा मोबाईलला टाईप-सीची छोटी जोडतार लावतात. त्यातली एक गंमत लक्षात ठेवा: काही जोडतारांत ही चिप असते, काहींत नसते. काही मोबाईलना चिपवालीच लागते. दुकानात आपला मोबाईल आणि हेडफोन घेऊनच जा आणि वाजवून बघा.

आता बिनतारी ब्लूटूथकडे वळू. हे नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाच्या टोपणनावावरून घेतलंय. अर्थ ‘निळा दात’! त्याने माणसं जोडली, हे यंत्रं जोडतं. पण हवेतून पाठवायला गाणं पुन्हा एकदा पाखडावं लागतं. पाखडायची सूपं वेगवेगळी असतात: एसबीसी, एएसी, ॲप्टएक्स, एलडॅक. मोबाईल आणि हेडफोन, दोघांकडे असेल तेच सूप वापरता येतं. एसबीसी बहुतेक सगळ्यांकडे असतं. खरं सांगायचं तर साध्या गाण्याला तेही वाईट नाही. एक प्रयोग करा. एकाने डोळे मिटून ऐकायचं आणि दुसऱ्याने तारेचा आणि बिनतारी हेडफोन आलटून पालटून लावायचा. एकाच कंपनीचे, साधारण एकाच किमतीचे असतील तर ओळखता ओळखता घाम फुटतो! त्यापेक्षा इअरफोनची रबरी टोपी कानात सैल बसली, तर ढोलकीचा घुमारा कितीतरी जास्त पळतो. पाकिटात तीन मापांच्या टोप्या येतात त्या यासाठीच. आपण मात्र दोन जोड्या त्याच दिवशी हरवतो.

ब्लूटूथची खरी फजिती वेगळीच. २०२० मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा मी मोबाईलवरून शिकवत असे. ब्लूटूथचा हेडफोन कानात घालून, त्याच्याच माइकमध्ये बोलत असे. मुलांना ‘शाल’ आणि ‘साल’ यांतला फरकच कळेना. मी मुलांवर रागावलेही. आज त्याचं वाईट वाटतं. कारण माइक चालू झाला की अनेक ब्लूटूथ हेडफोन फोनकॉलच्या पद्धतीवर उतरतात. जुन्या पद्धतीत सेकंदाला ८,००० मापंच मावतात, त्यामुळे ४,००० कंपनांच्या वरचं काही जात नाही. ‘स’ची सळसळ तर बहुतेक त्याच्या वरच असते! नव्या पद्धतीत १६,००० मापं जातात, तरी गाण्याची मजा येत नाहीच. ऑनलाईन तास असला तर तारेचा हेडफोन लावा. नाहीतर बोलायला मोबाईलचाच माइक निवडा.

पालकांना एक विनंती. मुलांना वाढदिवसाला इअरफोन देताना आवाज किती मोठा ठेवायचा तेही सोबत दाखवून द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मानकात मुलांसाठी ७५ डेसिबल, तोही आठवड्याला ४० तास, असा हिशेब आहे. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. बसमध्ये इंजिनाच्या घरघरीवर मात करायला आपण आवाज वाढवत नेतो, आणि उतरल्यावर कमी करायचं विसरतो. टोपी घट्ट बसली की बाहेरचा गोंगाट कमी येतो, आवाज वाढवावाच लागत नाही.

हो, आणि कुणाचा आवाज जपून ठेवायचा असेल, तर व्हॉट्सॲपच्या माइकचं बटण दाबून घेऊ नका. त्यात आवाज फारच पाखडला जातो. मोबाईलमधल्या रेकॉर्डरवर घ्या, आणि पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

आजीची ओवी मी तशीच घेतली होती. मोबाईलवर ऐकताना तीत फक्त आजी होती. मोबाईलचा स्पीकर बोटाच्या पेराएवढा, त्यातून खालचे जाड स्वर निघतच नाहीत. त्या दिवशी पिन बसल्यावर ओवी टेबलावरच्या स्पीकरमधून सुरू झाली आणि आजीच्या मागून घर्रर्र घर्रर्र असं काहीतरी फिरू लागलं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. “मॅडम, हे काय वाजतंय?” कुणालाच ओळखता येईना. आजीची नात मात्र उभी राहिली आणि हाताने गोल गोल फिरवून दाखवू लागली.