फ्रेंड कोड (गेम कन्सोल)

फ्रेंड कोड (मराठी पर्याय: मैत्री-संकेतांक) ही निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या गेम कन्सोलवर आंतरजालाद्वारे एकत्र खेळू इच्छिणाऱ्या व्यक्तींना परस्परांशी जोडणारी आकडी पद्धत होय. गेम कन्सोल म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडून अथवा हातात धरून खेळावयाचे स्वतंत्र खेळयंत्र. या पद्धतीचा वापर २००५ साली निन्टेन्डो डीएस या हातयंत्रावर सुरू झाला. मध्यंतरी ती काही काळ मागे पडली आणि २०१७ साली निन्टेन्डो स्विच या यंत्राबरोबर बदललेल्या रूपात परत आली. मुलांना अनोळखी माणसांपासून दूर ठेवावे, हा तिच्यामागील विचार होता. परंतु ओळखीच्या माणसांनाच एकमेकांना गाठणे तिने इतके जिकिरीचे केले की ती दीर्घकाळ खेळाडूंच्या नाराजीचा विषय राहिली.

पार्श्वभूमी

कन्सोलवरील खेळ पूर्वी एकाच खोलीत, एकाच पडद्यासमोर बसून खेळले जात. सोबती शेजारी बसलेला असल्याने त्याला ‘शोधण्याचा’ प्रश्नच उद्भवत नसे. आंतरजालावरून खेळणे सुरू झाल्यावर मात्र यंत्राला दोन गोष्टी ठाऊक असणे आवश्यक झाले : खेळणारी व्यक्ती कोण, आणि तिला कोणाबरोबर खेळावयाचे आहे. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००२ मध्ये एक्सबॉक्स लाइव्ह ही सेवा सुरू केली, तेव्हा प्रत्येक खेळाडूने स्वतःसाठी एक टोपणनाव (गेमरटॅग) निवडावे आणि तेच सर्व खेळांत वापरावे, अशी व्यवस्था केली. मित्राचे टोपणनाव टंकले की त्याला विनंती जाई. त्याने ती स्वीकारली की काम झाले.

निन्टेन्डोचे तत्कालीन अध्यक्ष सातोरू इवाता यांनी मार्च २००५ मध्ये निन्टेन्डो वाय-फाय कनेक्शन या विनामूल्य सेवेची घोषणा केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘मारियो कार्ट डीएस’ या शर्यतीच्या खेळाबरोबर ती अमेरिकेत सुरू झाली. निन्टेन्डोच्या ग्राहकांत लहान मुलांचे प्रमाण मोठे होते. टोपणनावाचा अंदाज बांधता येतो, ते शोधता येते आणि त्यातून अनोळखी व्यक्ती मुलापर्यंत पोहोचू शकते. म्हणून कंपनीने नावांऐवजी अर्थहीन आकड्यांचा मार्ग पत्करला. एक्सबॉक्सची पद्धत तीन वर्षे आधीपासून समोर असताना हा निर्णय घेतला गेला. तेव्हा तो अज्ञानातून नव्हे, तर विचारपूर्वक घेतलेला होता, हे लक्षात ठेवले पाहिजे.

कार्यपद्धती

डीएसवर फ्रेंड कोड बारा अंकांचा असे आणि तो व्यक्तीला मिळत नसे. खेळाची चकती (कार्ट्रिज) आणि यंत्र यांच्या जोडीला तो मिळे. परिणामी एकाच मुलाकडे पाच खेळ असतील, तर त्याचे पाच वेगवेगळे संकेतांक असत. तीच चकती दुसऱ्या यंत्रात घालून सेवेशी जोडली की नवा संकेतांक तयार होई आणि तो सर्व मित्रांना पुन्हा कळवावा लागे.

दुसरी अट अधिक त्रासाची होती. एकाने दुसऱ्याचा संकेतांक भरून भागत नसे. दोघांनीही परस्परांचे संकेतांक आपापल्या यंत्रात नोंदवणे आवश्यक असे. एका बाजूची नोंद झाली तरी दुसऱ्याला त्याची सूचना मिळत नसे, कारण विनंती पाठवणे ही कल्पनाच या रचनेत नव्हती. समजा, मावळ तालुक्यातील उर्से येथील एका मुलाला न्यू जर्सीतील आपल्या मामेभावाबरोबर ‘मारियो कार्ट डीएस’ खेळावयाचे आहे. प्रथम त्याने खेळात शिरून स्वतःचे बारा अंक कागदावर उतरवावयाचे, दूरध्वनीवर ते भावाला सांगावयाचे, त्याचे बारा अंक लिहून घ्यावयाचे, दोघांनी ते भरावयाचे आणि मग दोन्ही ठिकाणच्या घड्याळांत साडेनऊ-साडेदहा तासांचे अंतर असताना दोघे एकाच वेळी खेळात हजर राहावयाचे. भाऊ या क्षणी यंत्राजवळ आहे काय, हे खेळात शिरल्यावाचून कळण्याची सोय नव्हती. शिवाय डीएसला केवळ डब्ल्यूईपी या जुन्या प्रकारची बिनतारी सुरक्षा समजत असे. नव्या सुरक्षेचा राऊटर असलेल्या घरात हा सर्व खटाटोप आरंभीच अडे.

२००६ साली आलेल्या वी या कन्सोलवर गुंतागुंत वाढली. प्रत्येक यंत्राला सोळा अंकी वी क्रमांक मिळाला आणि त्यावरून यंत्रायंत्रांत निरोप पाठवता येऊ लागले. परंतु बहुतेक खेळांसाठी बारा अंकी स्वतंत्र संकेतांक द्यावेच लागत. भावाचा वी क्रमांक यादीत आहे, त्याचा निरोपही काल आला आहे, तरीही खेळात तो ‘अनोळखी’, असा विचित्र प्रकार त्यामुळे घडे.

आकड्यांचे गणित

चार मित्र आणि तीन खेळ असे साधे उदाहरण घ्यावे. प्रत्येकाला उरलेल्या तिघांचे, तीन खेळांसाठी, असे नऊ संकेतांक भरावे लागतील, म्हणजे १०८ अंक. चौघांचे मिळून ३६ संकेतांक व ४३२ अंक होतात. हेच चौघे एका व्यक्तीस एकच ओळख देणाऱ्या सेवेवर असते, तर सहा विनंत्या आणि सहा स्वीकृती एवढ्यात काम झाले असते.

बारा अंकांतून एक लाख कोटी निरनिराळ्या संख्या तयार होतात. प्रत्यक्षात सेवेतील खेळाडूची नोंद ३२ द्विमान अंकांची, म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यतांची होती. संकेतांकातील उरलेला भाग टंकताना झालेली चूक पकडण्यासाठी पडताळा म्हणून वापरला जाई. आधार क्रमांकही बारा अंकीच असून त्यातील शेवटचा अंक अशाच पडताळ्याचा असतो. फरक असा की, आधार क्रमांक व्यक्तीला एकदाच मिळतो. चकतीगणिक वेगळा आधार क्रमांक मिळाला असता तर काय झाले असते, याची कल्पना वाचकाने करून पाहावी.

आकडे वापरणे हा मुळात दोष नव्हे. संस्कृत कवी आणि टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली सहा अंकी पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून भारतात लागू झाली आणि ती लोकांच्या अंगवळणी पडली. तिच्यातील अंकांना अर्थ आहे : लोणावळ्याच्या ४१०४०१ या पिनकोडातील पहिला ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचा विभाग दाखवतो आणि पुढचे अंक क्रमाने टपाल कचेरीपर्यंत नेतात. फ्रेंड कोडाच्या अंकांतून असे काहीच हाती लागत नाही. ते तसेच असावेत, हीच तर रचनाकारांची इच्छा होती. पण जे परक्याला ओळखता येत नाही, ते मित्रालाही लक्षात ठेवता येत नाही.

संरक्षणाचा हेतू आणि फलित

फ्रेंड कोडामागील तर्क थोडक्यात असा मांडता येईल. दोघांची मैत्री खेळाबाहेर आधीच जुळलेली असावी. शाळेत, शेजारात वा नात्यात त्यांनी परस्परांना आकडे द्यावेत. आणि यंत्राने त्या मैत्रीची केवळ नोंद घ्यावी. घराच्या किल्लीसारखा संकेतांक हातोहात दिला जाईल, असे येथे गृहीत होते. हे गृहीतक टिकले असते, तर संरक्षण खरोखरच भक्कम ठरले असते, हे मान्य करावे लागेल.

ते टिकले नाही, याचे कारण खेळांच्या स्वरूपातच होते. ‘पोकेमॉन’ मालिकेतील खेळांत संग्रह पूर्ण करण्यासाठी इतरांशी अदलाबदल करावी लागते. वर्गात दुसऱ्या कोणाकडे तो खेळ नसेल, तर मुलाने सोबती कोठून आणावा? मुलांनी सरळ मार्ग काढला आणि आपले संकेतांक आंतरजालावरील सार्वजनिक फलकांवर लिहून ठेवले. किल्ली दारालाच टांगून ठेवल्यासारखे हे झाले. पद्धत जितकी अडचणीची, तितका हा आडमार्ग सोयीचा वाटू लागला.

याचा गंभीर परिणाम निन्टेन्डो ३डीएस या २०११ सालच्या हातयंत्रावर दिसून आला. त्यावर ‘स्वॅपनोट’ नावाची चिठ्ठ्या पाठवण्याची सोय होती. हाताने लिहिलेला मजकूर, चित्रे व छायाचित्रे तिच्यातून मित्रयादीतील व्यक्तींना धाडता येत. काही वापरकर्ते, आणि त्यांत अल्पवयीन मुलेही, सार्वजनिक फलकांवर संकेतांकांची देवघेव करून आक्षेपार्ह मजकूर पाठवत असल्याचे कारण देऊन निन्टेन्डोने २०१३ च्या ऑक्टोबरअखेरीस या चिठ्ठ्यांची आंतरजालावरील देवघेव थांबवली. ज्या आकड्याने परक्याला बाहेर ठेवावयाचे, तोच त्याला आत आणणारा ठरला होता. दूरच्या आजीला चित्र काढून पाठवणाऱ्या मुलांची सोयही त्याबरोबर गेली.

या प्रकरणात मुलांना वा पालकांना बोल लावणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य नाही. संकेतांक गुप्त राखावयाचा असतो, ही बाब पद्धतीत पुरेशी ठसवलेली नव्हती. संकेतांक बदलून घेण्याची सहज सोय नव्हती. आणि कोणाला जोडावे याचा निर्णय पालकांपुढे आपोआप येत नसे. रक्षणाची मोठी भिस्त टंकनाच्या कटकटीवर होती.

नंतरचे बदल

३डीएसवर प्रत्येक यंत्राला सर्व खेळांसाठी मिळून एकच बारा अंकी संकेतांक मिळाला, ही मोठी सुधारणा होती. तथापि दोघांनी परस्परांचे अंक भरण्याची अट कायम राहिली. वी यू (२०१२) या कन्सोलवर खेळाडूने निवडलेले नाव वापरले जाऊ लागले आणि फ्रेंड कोड संपला, असे अनेकांना वाटले. मात्र मार्च २०१७ मध्ये आलेल्या स्विचवर तो परतला. आता तो यंत्राऐवजी वापरकर्त्याशी जोडलेला आहे. एकाने भरला की दुसऱ्याला विनंती जाते. जवळ बसलेल्या किंवा नुकत्याच खेळलेल्या सोबत्याला संकेतांकावाचूनही जोडता येते. म्हणजे जुन्या तक्रारींपैकी बहुतेक दूर झाल्या. नवी तक्रार आवाजाची होती : स्विचवरील कित्येक खेळांत मित्राशी बोलण्यासाठी भ्रमणध्वनीवर वेगळे अ‍ॅप उघडावे लागे. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ वर ‘गेमचॅट’ ही बोलण्याची सोय यंत्रातच आहे आणि १६ वर्षांखालील मुलांसाठी ती सुरू करण्यास पालकांची संमती लागते. वीस वर्षांपूर्वी आकड्यांवर सोपवलेले काम अशा रीतीने पालकांकडे आले.

इतर कंपन्यांच्या पद्धती

टोपणनावांची पद्धतही निर्दोष नाही. सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कवर २००६ पासून एकदा घेतलेले नाव बदलताच येत नसे. ही मुभा एप्रिल २०१९ मध्ये मिळाली. बाराव्या वर्षी हौसेने घेतलेले नाव पंचविशीतही मिरवावे लागणे, ही काही लहान शिक्षा नव्हे. एक्सबॉक्स ३६० वर मित्रयादी शंभरावर थांबत असे. एक्सबॉक्स वनवर (२०१३) ती मर्यादा हजारापर्यंत वाढली आणि ‘मित्र’ व ‘अनुयायी’ असे दोन प्रकार आले. मराठीत ‘ओळख’ आणि ‘मैत्री’ हे दोन निराळे शब्द आहेत. कन्सोलच्या यादीतील बहुसंख्य नोंदी पहिल्या शब्दातच बसतील.

हवे ते नाव आधीच कोणीतरी घेतलेले असणे, ही टोपणनावांची नित्याची अडचण. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये एकच नाव अनेकांना घेण्याची मुभा देऊन त्यापुढे भेददर्शक अंक जोडण्यास सुरुवात केली. नावांसाठी इतर लिप्याही खुल्या झाल्या आणि त्यांत देवनागरीचा समावेश होता. नावाची लांबी बारा चिन्हांपर्यंत असते. युनिकोडच्या हिशेबात प्रत्येक मात्रा व हलन्त हे स्वतंत्र चिन्ह धरले जात असल्याने ‘ज्ञानेश्वर’ या चार अक्षरी नावाची दहा चिन्हे होतात.

निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवरील मित्रांना एकत्र आणणे सर्वांत अवघड ठरले. जून २०१८ मध्ये ‘फोर्टनाइट’ हा खेळ स्विचवर आला, तेव्हा प्लेस्टेशन ४ शी जोडलेले खाते तेथे चालत नसल्याचे खेळाडूंना आढळले. टीका वाढल्यावर सोनीने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भूमिका बदलली.

महाराष्ट्रातील संदर्भ

भारतात कन्सोलपेक्षा भ्रमणध्वनीवरील खेळांचा प्रसार कितीतरी अधिक झाल्याने येथील बहुतेक मुलांना फ्रेंड कोड हा शब्द अपरिचित आहे. त्यामागील प्रश्न मात्र त्यांच्याही परिचयाचा आहे. नवी मुंबईतील गेमेशन या कंपनीने २०१६ साली आणलेला ‘लुडो किंग’ २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी खेळला गेला. त्यात एकाने खोली उघडावयाची आणि तिचा संकेत व्हॉट्सअ‍ॅपवरून इतरांना पाठवावयाचा, अशी सोय आहे. डाव संपला की तो संकेत निरुपयोगी होतो. येथेही मैत्री खेळाबाहेरची असावी हेच गृहीत आहे. पण संकेत तात्पुरता असल्याने तो चुकीच्या हाती पडला तरी हानी एका डावापुरती राहते, आणि तो पाठवण्यासाठी कागद-पेन्सिल लागत नाही. आजी-आजोबांनाही जमणारी ही रीत फ्रेंड कोडापेक्षा सरस मानावी लागेल.

वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार भारतात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीवर प्रक्रिया करण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेणे अपेक्षित आहे.

सेवांची समाप्ती

निन्टेन्डो वाय-फाय कनेक्शन २० मे २०१४ रोजी बंद झाले आणि डीएस व वी यांवरील फ्रेंड कोड निरुपयोगी झाले. ३डीएस व वी यू यांवरील आंतरजालीय खेळ ८ एप्रिल २०२४ रोजी थांबले. वर्षानुवर्षे जमवलेल्या मित्रयाद्यांतून दुसऱ्या बाजूच्या व्यक्तीचे खरे नाव वा पत्ता मिळण्याचा मार्ग नव्हता. ज्यांची ओळख केवळ बारा अंकांवर होती, त्यांचा संपर्क तेथेच तुटला. काही हौशी तंत्रज्ञांनी ‘विमफी’ (डीएस व वी यांसाठी) आणि ‘प्रिटेन्डो’ (३डीएस व वी यू यांसाठी) असे पर्यायी सर्व्हर उभारले असून ते निन्टेन्डोशी संबंधित नाहीत. विमफीवर मित्राबरोबर खेळावयाचे असल्यास आजही दोघांनी परस्परांचे बारा अंक भरावे लागतात.