लाल फ्यूज, पिवळा फ्यूज

ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा कितीतरी गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. पाणी ओसरलं की पहिला मोह एकच : चावी फिरवून बघू, चालू होतेय का. तिथंच घात होतो. वायरिंगचे अनेक जोड गालिच्याखाली, सीटखाली असतात. त्यांत गाळ असताना वीज सोडली की शॉर्ट झालंच. आधी बॅटरीची काळी, म्हणजे ऋण टोकाची वायर काढायची, मग मेकॅनिकला हाक मारायची.

कोरड्या दिवसांतलं दुखणं वेगळं. साताऱ्याहून खंबाटकी घाटाकडे निघालं की आमच्या लायटर सॉकेटला मोबाइल, डॅशकॅम, छोटा पंखा लोंबकळत असतो. (लायटर कुणी वापरत नाही, नाव मात्र चिकटलंय.) वाटेत टायर बसला की त्यातच हवेचा पंप. सॉकेटचा फ्यूज १० अँपिअरचा असेल, तर १२ व्होल्टवर हिशेब १२० वॅटचा. पंप एकटाच त्यातले बरेचसे खातो. फ्यूज उडतो. पात्याच्या फ्यूजचा रंगच बोलतो : लाल १०, निळा १५, पिवळा २०. लालच्या जागी पिवळा ठोकला, तर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर वितळते. उडालेल्या फ्यूजला चॉकलेटची चांदी गुंडाळणारेही मी पाहिलेत. त्यांच्या गाडीत मी बसत नाही.