म्हातारीने वाघाला दिलेली तारीख

कल्याणहून कर्जतकडे लोकल सुटली की पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी आणि त्यापुढचं उल्हासनगर. दारात लटकलेल्या गर्दीत जंगलाची आठवण कुणाला होणार? पण रुळांच्या दोन्ही अंगांच्या चाळींत आणि सोसायट्यांत रात्री दिवे मालवले की एखाद्या घरातून एक म्हातारी काठी टेकत हमखास जंगलात शिरते. तिला तुम्ही ओळखता. भोपळ्यात बसून परत येणारी तीच ती.

आज तिच्याकडे जरा निरखून बघा. वाघ वाट अडवून उभा आहे. बाईजवळ तलवार नाही, मंत्र नाही, झाडाआड राजपुत्रही दबा धरून बसलेला नाही. अंगावर मूठभर मांस नाही आणि गंमत म्हणजे नेमकं तेच ती भांडवल म्हणून वापरते. आत्ता खाऊन तुला काय मिळणार, हाडंच ना? लेकीकडे जाते, चार दिवस चांगलंचुंगलं खाते, अंग धरलं की परत येते, मग खा. वाघाच्या भुकेला ती नाही म्हणतच नाही. उलट तीच भूक थोडी फुगवून त्याच्याच गळ्यात मारते आणि पुढची तारीख देऊन मोकळी होते. वाघ चक्क ‘बरं’ म्हणतो! कोल्हाही म्हणतो, वाटेत भेटणारे बाकीचेही म्हणतात.

जगातल्या परीकथांच्या नायिका बहुधा सोळा-सतरा वर्षांच्या. आपली सत्तरीची, आणि लहान पोरांना तिचं वय खटकल्याचं कधी ऐकलंय? तिला मदत कोण करतं? तिची लेक. आईने युक्तीने वेळ मिळवायचा आणि मुलीने वाहन पुरवायचं, या दोघींवर अख्खी गोष्ट तोलली आहे.

आता ते वाहन बघा. चित्रांच्या पुस्तकांत तो लालबुंद, फाकांचा भोपळा असतो. पण लाल भोपळा मूळचा अमेरिकेचा. कोलंबस तिकडे पोचल्यानंतरच तो इकडच्या शेतात आला. त्याआधी हजारो वर्षं आपल्याकडे होता तो दुधीच्या जातीचा भोपळा. तो वाळला की आतून पोकळ, वजनाला हलका आणि सालीला लाकडासारखा टणक होतो. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याला लावतात, तो याच जातीचा. गडगडत जायला याहून चांगली गाडी कुठली? बंगालमध्ये हीच गोष्ट उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी १९१० साली ‘टुनटुनिर बोइ’त छापली. तिथली कुबडी आजी नातीकडून परतते ती ‘लाऊ’त बसून, म्हणजे दुधीच्याच खोळीत. तेव्हा आपली म्हातारीही लाल भोपळ्यात नंतर बसली असणार, आधी ती तंबोऱ्याच्या भोपळ्यात बसत असणार असं मला फार वाटतं.

बंगालवर आश्चर्य संपत नाही. इराणमध्येही एक म्हातारी लेकीकडे निघते. तिला लांडगा भेटतो, बिबट्या भेटतो, सिंह भेटतो. तीही जाडजूड होऊन यायचं कबूल करते आणि येते ती गडगडत्या भोपळ्यात. तिकडची मुलं तिच्यावर आपल्यासारखीच जीव टाकतात. पंजाबात म्हातारीच्या जागी कोकरू आहे. ते आजीकडे खाऊन-पिऊन गलेलठ्ठ होतं आणि ढोलकीत बसून घरी परततं. तेहरानपासून कोलकात्यापर्यंत पोरं एकाच युक्तीवर हसत झोपी जातात!

गोष्टींचे अभ्यासक अशा भावंडांना क्रमांक देतात. फिनलंडच्या आन्ती आर्नेने १९१० साली ही यादी सुरू केली, पुढे इतरांनी ती वाढवली. ‘थांब, मला जाड होऊ दे’ या कथेचा क्रमांक १२२ एफ. तिच्या लगेच आधी, १२२ ई या घरात कोण राहतं माहीत आहे? नॉर्वेचे तीन बोकड. पुलाखालच्या राक्षसाला सांगणारे, मला सोड, मागून माझा मोठा भाऊ येतोय. युक्ती तीच, राक्षसाच्या हावेचीच त्याच्यासाठी दोरी करायची.

आता एक उलटी गोष्ट आठवा. एक मुलगी जंगलातून आजीकडे चालली आहे. वाटेत लांडगा भेटतो. तीही त्याच्याशी बोलते, पण बोलताना आजीचा पत्ता सांगून बसते. ही लाल टोपीवाली म्हणजे आपल्या म्हातारीचं आरशातलं रूपच की! इथे आजी लेकीकडे जाते, तिथे नात आजीकडे. इथे बोलणं वाचवतं, तिथे बोलणं घात करतं. एक इतकी हुशार आणि दुसरी इतकी भाबडी कशी?

तर ती भाबडी नव्हतीच. फ्रान्समधल्या खेड्यांत, लोकांच्या तोंडी असलेल्या कथेत ती लांडग्याला म्हणते, मला बाहेर जाऊन यायचंय, फार घाईची लागली आहे. लांडगा तिच्या पायाला दोरी बांधून सोडतो. ती अंगणात जाऊन दोरी झाडाला बांधते आणि धूम ठोकते. शिकारी नाही, कुऱ्हाड नाही, पोटातून बाहेर काढणं नाही. १६९७ साली शार्ल पेरोने हीच गोष्ट पॅरिसच्या शिष्ट मंडळींसाठी लिहिली तेव्हा शौचाचा हा प्रसंग कसा ठेवणार? तो गेला आणि त्याच्याबरोबर मुलीची अक्कलही गेली. पेरोच्या पुस्तकात लांडगा तिला खातो आणि खाली पद्यात उपदेश येतो. ग्रिम बंधूंना तिची दया आली, त्यांनी १८१२ मध्ये शिकारी पाठवला. मुलगी वाचली खरी, पण दुसऱ्याच्या हातून.

या गोष्टींची वंशावळ कशी काढायची? परीक्षेत दोन मुलांच्या पेपरांत एकच विचित्र चूक सापडली की कुणी कुणाचं बघून लिहिलं हे मास्तरांना कळतं. जीवशास्त्रज्ञ प्राण्यांच्या जातींचं नातं साधारण याच तर्काने शोधतात, कोणता बदल कुणाकुणात समान आहे ते बघून. डरहॅम विद्यापीठाच्या जेमी तेहरानी या मानववंशशास्त्रज्ञाने २०१३ साली जगभरातल्या ५८ कथा घेतल्या आणि संगणकाला तेच गणित घातलं. नायक कोण, जनावर कोणतं, ते सोंग कसलं घेतं, शेवट काय, अशा एकेका खुणेवरून झाड उभं राहिलं. त्याचा निष्कर्ष असा की लांडगा आणि शेळीची करडं ही गोष्ट जुनी आणि लाल टोपीवाली तिच्यातून साधारण हजार वर्षांपूर्वी फुटली. चीन-जपान-कोरियात लांडग्याऐवजी वाघ आजीचं सोंग घेतो, त्या कथांत दोन्ही शाखांचे धागे गुंफलेले. ज्यांनी त्या सांगितल्या त्यांची नावं कुठेच नाहीत, पण त्यांनी केलेले बदल अजून मोजता येतात!

ग्रिम बंधूंनी काय काय पुसलं याची तर छापील नोंदच आहे, कारण त्यांच्या संग्रहाच्या १८१२ ते १८५७ या काळात सात मोठ्या आवृत्त्या निघाल्या. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घ्यायला उठलेली बाई तिची सख्खी आई होती, १८१९ मध्ये ती सावत्र झाली. बेडूक आणि राजकन्येच्या गोष्टीत तर चुंबन नाहीच. राजकन्या वैतागून बेडकाला भिंतीवर आपटते आणि त्या आपटण्याने त्याचा राजपुत्र होतो! चुंबन नंतरच्या लोकांनी घातलं. हट्टी, रागीट, स्वतःचं डोकं चालवणाऱ्या मुली आजच्या लेखकांनी परीकथांत आणून बसवल्या असं समजणाऱ्यांनी हा बेडूक एकदा आठवावा.

आपल्याकडे अशा तोंडी गोष्टी कागदावर उतरण्याचा क्षण कधी आला? कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ साली सुरू झालं. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर दक्षिण मराठा मुलखाच्या दौऱ्यावर निघाले. बरोबर विशीतली मुलगी मेरी आणि तिची आया, अ‍ॅना लिबेराता डिसूझा. वेळ जाता जाईना म्हणून मेरीने गोष्ट मागितली आणि अ‍ॅनाने आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टींची पोतडी सोडली. ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक १८६८ मध्ये लंडनला छापलं गेलं. भारतीय लोककथा प्रत्यक्ष सांगणाऱ्याच्या तोंडून घेऊन इंग्रजीत छापलेल्या पहिल्यावहिल्या संग्रहांपैकी हा एक. त्याहून मोठं नवल म्हणजे पुस्तकाच्या सुरुवातीला अ‍ॅनाने स्वतःच्या आयुष्याची हकिकत सांगितली आहे. त्या काळी आयाचं चरित्र कोण छापत होतं?

त्यात एक शूर शेवंतीबाई आहे. नवऱ्यामागे रडत बसण्याऐवजी ती पुरुषाचा वेष करते आणि परक्या राजाच्या पदरी नोकरी धरते. सोदेवाबाईही आहे. तिचा जीव गळ्यातल्या सोन्याच्या हारात आणि तिची हरवलेली चप्पल सापडते एका राजपुत्राला. वाचता वाचता सिंड्रेलाच आठवावी.

पण मला थबकायला लावलं ते एका छोट्या कथेच्या मथळ्याने. ‘स्वार्थी चिमणी आणि बेघर कावळे’. स्वार्थी? आपली चिऊताई? पावसात घर वाहून गेल्यावर काऊ दार ठोठावतो आणि ती आतून एकेक काम सांगत त्याला ताटकळत ठेवते, तीच की ही! या कथेचं वय ऐकाल तर चक्रावून जाल. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लिहिलेल्या ‘लीळाचरित्रा’त शेणाचं घर आणि मेणाचं घर दोन्ही आहेत. फक्त चिमणीच्या जागी तिथे साळई आहे. सातशेहून जास्त वर्षं मराठी मुलं ते दार उघडायची वाट बघत आहेत.

त्या दारात चिमणी सावध की निर्दय? काही घरांत काऊला आत घेतलं की तो कोपऱ्यात बसून तिची अंडी फस्त करतो, म्हणजे तिचा संशय खरा ठरतो. काही घरांत त्याला तव्यावर बसवून चटका देतात. काही घरांत तो नुसता भिजत राहतो आणि ऐकणाऱ्याच्या घशात आवंढा येतो. घटना तीच, सांगणारी व्यक्ती दाराच्या आत उभी आहे की बाहेर, यावर सगळं फिरतं. मुलांसाठी परीकथा नव्याने लिहिणाऱ्यांचं अर्धं काम हेच आहे, उभं राहायची जागा निवडणं.

उरलेल्या अर्ध्यात बरेच जण घसरतात. नायिका खंबीर दाखवायची म्हणून तिच्या हाती तलवार देतात, कराटे शिकवतात आणि बाकी कथा राजपुत्राची होती तशीच ठेवतात. मला ते कंटाळवाणं वाटतं. नुसतं पात्र बदललं, युक्ती कुठे आहे? कॅनडात स्थायिक झालेल्या रॉबर्ट मन्श यांची ‘द पेपर बॅग प्रिन्सेस’ १९८० साली आली ती का गाजली बघा. ड्रॅगन महाल जाळतो, राजपुत्राला पळवतो. राजकन्येचे कपडेही जळाले, तेव्हा ती कागदी पिशवी अंगावर चढवून निघते. ड्रॅगनशी ती लढत नाही. तुम्ही म्हणे एका फुंकरीत जंगलं जाळता, जरा दाखवा ना! दहा सेकंदांत जगाला फेरी मारता, खरंच? तो दाखवत सुटतो आणि दमून झोपतो. सुटका झालेला राजपुत्र तिच्या अवतारावर नाक मुरडतो, मग ती त्याच्याशी लग्नच करत नाही. ड्रॅगनची फुशारकी आणि वाघाची भूक, दोन्ही कुलपं एकाच किल्लीने उघडलेली!

युक्तीशिवाय मनस्वी असता येतं का? त्यासाठी विठ्ठलवाडीहून एकच स्टेशन पुढे जायचं. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. सामान फारसं आणता आलं नाही, पण शाह अब्दुल लतीफ यांच्या (१६८९–१७५२) ‘शाह जो रिसालो’तल्या नायिका बरोबर आल्या. त्यातली मारुई वाळवंटातल्या मलीरची. राजा उमर तिला पळवून उमरकोटच्या किल्ल्यात ठेवतो. पुढ्यात रेशीम ठेवतो, दागिने ठेवतो, राणीपद ठेवतो. मारुई म्हातारीसारखी तारीख देत नाही, सोंग घेत नाही, भोपळाही शोधत नाही. नाही म्हणजे नाही, आणि अंगावरची घरची जाडीभरडी लोई ती बदलत नाही. शेवटी राजाच हरतो आणि तिला सन्मानाने घरी पाठवतो. कोणतीही युक्ती न करता नुसत्या नकारावर गोष्ट पुढे कशी नेणार? पोरं जांभया देणार नाहीत याची काळजी घेऊन हे लिहायचं म्हणजे लेखकाची कसोटी. मराठी बालवाचकांसाठी कुणी जरूर करून बघावं. आणि ही झाली एकच. सिंधी लोक सात जणी मोजतात. सोहनी, ससुई, मोमल, नूरी, लीला आणि सोरठ अजून बाकी आहेत. त्यातली ससुई तर पळवून नेलेल्या नवऱ्यामागे डोंगर-वाळवंट तुडवत एकटी चालत निघाली होती.