सरकारी काटकसर आणि पगारदाराचे घर

ठाण्यास आमचे एक वयोवृद्ध मामा राहतात. रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त होऊन त्यांस पंचवीसहून अधिक वर्षे झाली. फोनवर प्रकृतीची विचारपूस आटोपली की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "पेन्शन लागू आहे ना?" आम्ही म्हणतो, "आहे, मामा." मग त्यांचे समाधान होते. आमचे हे उत्तर खोटे नाही. परंतु ते पुरते खरेही नाही, आणि जे उरते ते फोनवर सांगण्यासारखे नसते. अलीकडे अर्विंग व आसपासच्या गावांतील आपल्या काही कुटुंबांतील सुना-मुलींनी शाळांतून नोकऱ्या धरल्या आहेत, कोणी धरण्याच्या विचारात आहेत. त्यांच्याकडूनही हाच प्रश्न येऊ लागल्यामुळे चार शब्द लिहावेसे वाटले.

सरकारी नोकरीविषयी आपल्या समाजाला वाटणारी ओढ आजची नाही. कोकणातील तेलाचे घाणे सोडून आपले पूर्वज मुंबईस आले ते पलटणीत, रेल्वेत, पोस्टात, कस्टममध्ये आणि कचेऱ्यांत चिकटले. एकाच्या पगारावर दहा माणसे जेवत. पगार थोडा, पण महिन्याच्या महिन्याला हातात पडणारा. यावर मुलींची लग्ने झाली, मुले मॅट्रिक झाली. तीच श्रद्धा घेऊन आपण टेक्सासला आलो. येथे संगणक कंपनीतील नोकरी आज आहे तर उद्या नाही, म्हणून घरात एक तरी पक्की नोकरी असावी असे ठरते, आणि ती शाळेत मिळते.

काटकसरीची कुऱ्हाड आपल्या वडीलधाऱ्यांवरही पडली होती. जागतिक मंदीत १९३१ साली हिंदुस्थान सरकारने आपल्या नोकरांच्या पगारात दहा टक्के कपात केली. १९३३ साली ती पाच टक्क्यांवर आणली आणि १९३५ साली पगार पूर्ववत केले. पुढे १९७४ साली महागाई भडकली तेव्हा केंद्र सरकारने कायदा करून पगारातील वाढ व महागाईभत्त्यातील वाढीचा निम्मा भाग सक्तीच्या ठेवीत अडकवला. अगदी अलीकडे, २०२० च्या साथीत, महागाईभत्त्याचे तीन हप्ते गोठवले गेले; मामांच्या पेन्शनवरील महागाईवाढही थांबली. जुलै २०२१ पासून ती पुन्हा सुरू झाली, मात्र मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी मिळाली नाही. मामा त्याबद्दल अद्याप बोलतात. कारण त्यांस नेमके ठाऊक आहे की किती गेले आणि कोणी नेले.

टेक्सासमधील काटकसरीचे तसे नाही. ती पगारपत्रकावर दिसत नाही.

२०११ साली टेक्सासच्या विधिमंडळाने दोन वर्षांच्या अर्थसंकल्पात सार्वजनिक शाळांच्या पैशांतून सुमारे ५.४ अब्ज डॉलर कमी केले. त्यांपैकी चार अब्ज शाळांच्या नेहमीच्या सूत्रातील होते, उरलेले निरनिराळ्या अनुदानांचे. मंदी हे कारण सांगितले गेले आणि ते काही अंशी खरेही होते. परंतु मूळ त्याआधीचे आहे. २००६ साली घरांवरील शाळापट्टीचे दर एकतृतीयांशाने उतरवले, आणि ती खोट भरण्यासाठी व्यवसायांवर जो नवा कर बसवला त्याचे उत्पन्न पुरेसे आले नाही. २००९ साली केंद्राकडून आलेल्या मदतीने ते भोक बुजवले गेले. मदत संपताच ते उघडे पडले. राज्याच्या राखीव निधीत त्या वेळी अब्जावधी डॉलर होते. पुढील दोन वर्षांच्या अर्थसंकल्पासाठी त्यास हात लावावयाचा नाही असे ठरले.

त्याच वर्षीच्या विशेष अधिवेशनात आणखी एक कायदा झाला. शिक्षकांना वर्षात सहा दिवसांपर्यंत बिनपगारी घरी बसवण्याची व पगार उतरवण्याची मुभा स्कूल डिस्ट्रिक्टांना मिळाली. पुढील वर्षाचा करार करणार नाही, हे शिक्षकास पूर्वी शिकवण्याचे पंचेचाळीस दिवस उरले असता कळवावे लागे. आता दहा दिवस उरले असता कळवले तरी चालू लागले. दुसरी नोकरी शोधण्यास मिळणारा महिना-दीड महिना त्यामुळे गेला. पुढच्या शालेय वर्षात राज्यात सुमारे १०,७०० शिक्षक कमी झाले, तेही विद्यार्थीसंख्या वाढत असताना.

आम्ही तेव्हा ज्या शाळेत होतो तेथे कोणास हाकलून दिल्याचे आम्हांस स्मरत नाही. आमच्या वर्गातील मदतनीस बाई निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा भरली नाही, इतकेच. पहिली ते चौथी व बालवर्गात बावीसपेक्षा अधिक मुले असू नयेत असा टेक्सासचा १९८४ पासूनचा नियम आहे, परंतु पैशाची अडचण दाखवून त्यातून सूट मागता येते. आमच्या वर्गात सव्वीस मुले आली. मुंबईच्या शाळेत साठ-साठ मुलांस शिकवलेल्या माणसाने सव्वीसांची तक्रार करावी, याचे वाचकांस हसू येईल. आम्हांसही आले. पण मुंबईतील साठ मुले एक भाषा बोलत होती. येथील सव्वीसांपैकी निम्म्याहून अधिकांच्या घरी इंग्रजी नव्हते, आणि प्रत्येकाचे वाचन वेगळे तपासून लिहून ठेवणे सक्तीचे होते. ते काम रात्री घरी येऊ लागले. पेन्सिली, वह्या, खोकल्याच्या दिवसांत लागणारे कागदी रुमाल आम्ही आमच्या पैशाने आणू लागलो. शिक्षकाच्या या खर्चापोटी केंद्राच्या प्राप्तिकरात अडीचशे डॉलरपर्यंत वजावट मिळत असे. २०२२ साली ती तीनशे झाली. खर्च करणाऱ्यास ही रक्कम ऑक्टोबर उजाडण्यापूर्वीच संपल्याचा अनुभव आहे.

पगार मात्र तेवढाच राहिला. मग कपात कोठे झाली, असे कोणी विचारले असते तर आम्हांस बोट दाखवता आले नसते.

सहाशेहून अधिक डिस्ट्रिक्टांनी राज्यावर दावा लावला. खालच्या न्यायालयात ते जिंकले. मे २०१६ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला आणि ही पद्धत घटनेची किमान अट पुरी करते असे ठरवले. दरम्यान २०१३ साली कापलेल्या रकमेचा बराच भाग परत आला, परंतु गेलेली माणसे तशी परत येत नाहीत.

दुसरी वाट आजारपणाच्या विम्याची. टेक्सासच्या शाळा-कर्मचाऱ्यांची सामायिक विमायोजना २००२ साली सुरू झाली. दरमहा राज्याने ७५ डॉलर व डिस्ट्रिक्टने निदान १५० डॉलर घालावयाचे, असे तेव्हा ठरले, आणि हा आकडा वीस वर्षांहून अधिक काळ तोच राहिला. त्या काळात सर्वसाधारण किमती सुमारे पावणेदोनपट झाल्या. औषधोपचाराचे तर बोलावयासच नको. काही डिस्ट्रिक्ट आपल्या तिजोरीतून अधिक घालतात, पण हप्त्यातील वाढीचा मोठा भाग कर्मचाऱ्याच्या पगारातूनच जातो. नवरा-बायको-दोन मुले असे कुटुंब विम्यात घेणाऱ्या मदतनीस बाईच्या हाती महिनाअखेर काय उरते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस आकडे सांगण्याची गरज नाही.

तिसरी वाट सर्वांत निमूट आहे. प्रत्येक विद्यार्थ्यामागे राज्य जी मूळ रक्कम धरते ती २०१९ साली ६,१६० डॉलर केली आणि २०२५ पर्यंत तेथेच ठेवली. या सहा वर्षांत किमती सुमारे पंचवीस टक्क्यांनी चढल्या. म्हणजे एकही पैसा न कापता कपात झाली. जानेवारी २०२३ मध्ये राज्यापाशी ३२.७ अब्ज डॉलर शिल्लक होती. तरी खाजगी शाळांच्या फीसाठी सरकारी पैसा द्यावा की नाही या वादात शाळांचे विधेयक त्या वर्षी अडकून पडले. साथीच्या काळातील केंद्राची मदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. अर्विंग गावची मुले राहत्या ठिकाणाप्रमाणे अर्विंग, कॉपेल व कॅरलटन-फार्मर्स ब्रँच अशा तीन डिस्ट्रिक्टांत वाटली गेली आहेत. कॉपेलसारख्या नावाजलेल्या डिस्ट्रिक्टनेही २०२४ साली पिंकर्टन ही प्राथमिक शाळा बंद करण्याचा ठराव केला. २०२५ साली अखेर नवा कायदा होऊन मूळ रक्कम ५५ डॉलरने वाढली. त्याखेरीज मोठ्या डिस्ट्रिक्टांतील तीन-चार वर्षे अनुभवाच्या शिक्षकांस २,५०० व पाच वर्षांवरील शिक्षकांस ५,००० डॉलरची वार्षिक वाढ मिळाली. ती आम्ही आनंदाने घेतली. इतक्या वर्षांनी घरात आलेल्या पाहुण्यास कोण नावे ठेवील?

आपल्याकडे अशा वेळी संप होतो. महाराष्ट्रातील सरकारी कर्मचाऱ्यांचा १९७७-७८ चा चोपन्न दिवसांचा संप वडीलधाऱ्यांस आठवत असेल. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी पुन्हा संप झाला. टेक्सासमध्ये सरकारी नोकरास संपाची कायद्याने मनाई आहे, आणि पगारासाठी सामुदायिक करार करण्याचीही. संघटनेचे सभासद होता येते, ऑस्टिनला जाऊन आमदारांपुढे बोलता येते, मत देता येते.

अर्विंगमध्ये केंद्र सरकारचे नोकरही पुष्कळ आहेत. इमिग्रेशन खात्याचे टेक्सास सर्व्हिस सेंटर येथेच; आपल्यापैकी कित्येकांच्या ग्रीन कार्डाचे कागद या गावात येऊन गेले असतील. हे खाते अर्जदारांच्या फीवर चालते. २०२० साली अर्ज घटले, फी आटली, आणि सुमारे १३,४०० कर्मचाऱ्यांस बिनपगारी घरी बसवण्याच्या नोटिसा निघाल्या. ऑगस्टअखेर ते टळले. पण तीन महिने ती माणसे घराचा हप्ता कसा भरावा या विवंचनेत होती, आणि पलीकडे आपली माणसे टपालपेटी उघडून पाहत होती. लागूनच असलेल्या विमानतळावर २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सरकार त्रेचाळीस दिवस बंद पडले असता, तपासणीचे व विमान-नियंत्रणाचे नोकर पगाराविना कामावर येत होते. केंद्राच्या नोकरास असा थकलेला पगार मागाहून मिळण्याची तरतूद २०१९ पासून कायद्यात आहे. कचेऱ्या झाडणाऱ्या कंत्राटी माणसास ती नाही.

आता मामांच्या प्रश्नाकडे येऊ. शिक्षकाच्या पगारातून दरमहा ८.२५ टक्के टीचर रिटायरमेंट सिस्टिममध्ये जातात. पाच वर्षे भरली की हक्क पक्का होतो. पेन्शनचा हिशेब असा : नोकरीच्या प्रत्येक वर्षास २.३ टक्के, गुणिले सर्वाधिक पगाराच्या पाच वर्षांची सरासरी. जी बाई बाविसाव्या वर्षी लागली ती चाळीस वर्षांनी ९२ टक्के घेऊन जाईल. आपल्या भगिनी पंचेचाळिसाव्या वर्षी लागतात. वीस वर्षांत ४६ टक्के होतात. टेक्सासमधील बहुतेक डिस्ट्रिक्ट सोशल सिक्युरिटीत पैसे भरत नाहीत, तेव्हा त्या वीस वर्षांची तीही जमा नाही. पूर्वी अशा शिक्षकाने दुसऱ्या नोकरीत कमावलेली सोशल सिक्युरिटीही कमी केली जाई, आणि जोडीदाराच्या नावे मिळणारीही. हे दोन्ही नियम जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाले. ज्यांनी पूर्वी ही कपात सोसली वा अर्जच केला नाही, त्यांनी सोशल सिक्युरिटीच्या कचेरीत आपले प्रकरण एकदा तपासून घ्यावे.

हा सारा हिशेब आम्ही गेल्या महिन्यात एकदाचा मामांस सांगितला. त्यांनी तो कागदावर लिहून घेतला, दोनदा आकडा विचारला, मग म्हणाले, "बरे, आणि यावर महागाई दर सहा महिन्यांनी?"

दर सहा महिन्यांनी नाही, मामा. आपोआप तर कधीच नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यातील मतदारांनी कौल दिला तेव्हा जुन्या निवृत्तांस दोन, चार वा सहा टक्के वाढ मिळाली; कित्येकांची ती पहिलीच. पुन्हा केव्हा, ते विधिमंडळाच्या हाती.

मामा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले की ज्यांची पेन्शन वाढत नाही, त्यांच्या घरचे किराणा सामान तेथे कोण भरते?