कॉपरबँड फुलपाखरू मासा

कॉपरबँड फुलपाखरू मासा (शास्त्रीय नाव: केल्मॉन रोस्ट्रॅटस) हा कीटोडोंटिडी कुळातील सागरी मासा आहे. कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. आकर्षक रंगांमुळे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयांसाठी त्याला मोठी मागणी असते. मात्र बंदिवासात अन्न न घेतल्याने अनेक मासे दगावतात.

वर्णन आणि आढळ

हा मासा सुमारे २० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. चपट्या, रुपेरी पांढऱ्या शरीरावर पिवळसर नारिंगी उभे पट्टे असतात. पाठीवरील पराच्या मागील भागात डोळ्यासारखा काळा ठिपका असतो; त्यामुळे भक्षकाची दिशाभूल होते, असे मानले जाते. अंदमान समुद्रापासून जपानच्या र्‍यूक्यू बेटांपर्यंत आणि ऑस्ट्रेलियापर्यंत तो प्रवाळभित्ती, खडकाळ किनारे व खाड्यांमध्ये एकेकटा किंवा जोडीने आढळतो.

आहार

लांब, चिमट्यासारख्या मुस्कटाने तो खडकांच्या फटींतील कृमी व लहान कवचधारी प्राणी वेचून खातो. कोरडे खाद्य त्याला सहसा अन्न वाटत नाही. तो सावकाश खात असल्याने चपळ मासे त्याच्या वाट्याचे खाद्य आधीच फस्त करतात. म्हणून सुरुवातीला जिवंत कृमी, उघडलेले शिंपले आणि आर्टेमिया देतात व पुढे हळूहळू गोठवलेल्या मायसिस झिंग्यांची सवय लावतात. खाद्य दिवसातून अनेकदा, थोडे थोडे द्यावे लागते.

मत्स्यालय

साधारणपणे ४०० लिटर किंवा त्याहून मोठी टाकी योग्य ठरते. टाकी काही महिने जुनी असावी. अशा टाकीतील सजीव खडकांवर जीवाणू स्थिरावलेले असतात व ते विषारी अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. शिवाय माशाला वेचण्यासाठी सूक्ष्म प्राणीही मिळतात. पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस, विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२५ आणि सामू ८.१ ते ८.४ ठेवतात. एका टाकीत सहसा एकच मासा ठेवतात, कारण स्वजातीयांशी तो भांडतो.

एप्टेशियाचे नियंत्रण

एप्टेशिया हे मत्स्यालयात वेगाने पसरणारे उपद्रवी समुद्रपुष्प आहे. ते खाऊन टाकील या अपेक्षेने हा मासा अनेकदा विकत घेतला जातो. प्रत्येक मासा एप्टेशिया खातोच असे नाही आणि खाणाऱ्यालाही ते संपल्यावर दुसरे अन्न लागते. नळीत राहणाऱ्या शोभिवंत कृमींना तो इजा करू शकतो.

निवड आणि आरोग्य

खरेदीपूर्वी मासा अन्न घेताना पाहणे महत्त्वाचे असते. खपाटीला गेलेले पोट उपासमारीचे, तर जखमी मुस्कट अयोग्य हाताळणीचे लक्षण असू शकते. नवा मासा काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवतात. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरील तांबेयुक्त औषधे प्रवाळ व इतर अपृष्ठवंशी प्राण्यांना घातक असल्याने उपचार तेथेच केले जातात.

व्यापार

बाजारातील बहुतेक मासे समुद्रातून पकडलेले असतात. फिलिपिन्स व इंडोनेशियात शोभेचे मासे पकडण्यासाठी सायनाइडचा वापर झालेला आहे. त्याने मासे दुबळे होतात आणि प्रवाळही मरतात. त्यामुळे मासा कोठून व कसा पकडला गेला, याची चौकशी करणे हा संगोपनाचाच भाग मानला जातो.